फाउंडेशन बोल्टचं ड्रॉइंग कसं काढावं

कुपवाड एमआयडीसीत शेडच्या पेडेस्टलचं, म्हणजे कॉलमखालच्या ठोकळ्याचं, काँक्रीट पडायला येतं, तेव्हा फॅब्रिकेटरकडे बहुतेक वेळा लोखंडी कॉलम कापलेलासुद्धा नसतो. कॉलम धरून ठेवणारे बोल्ट त्या काँक्रीटमध्ये बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातात बोल्टच्या ड्रॉइंगचा एवढा एकच कागद असतो. त्यावर जे लिहिलेलं नाही, ते तो अंदाजाने करणार. म्हणून बोल्टचं ड्रॉइंग मी सगळ्यात आधी आणि स्वतंत्र शीटवर काढतो.

कॉलमच्या पायाशी असणाऱ्या बेस प्लेटचं माप फक्त भारावरून ठरवू नका. आयएसएचबी २५० चा कॉलम (२५० मिमीचा एच आकाराचा सेक्शन), सुरक्षेच्या गुणकासह ८०० किलोन्यूटन भार आणि एम २५ (२५ न्यूटन प्रति चौमिमी ताकदीचं) काँक्रीट घेऊ. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे ११.२५ न्यूटन प्रति चौमिमी दाब धरला, तर २७० मिमी चौरस प्लेट पुरते. पण कॉलमच २५० चा आहे, मग बोल्ट बसणार कुठे आणि पाना फिरणार कुठे? ४०० ची प्लेट घेऊन बोल्ट ३०० मिमी अंतरावर टाकले, तर नटाखालची ७५ मिमीची वॉशर प्लेट कॉलमच्या फ्लँजच्या (कडेच्या पट्टीच्या) कोपऱ्यावर चढते. ४५० ची प्लेट आणि बोल्टमध्ये ३४० मिमी अंतर ठेवलं की सगळं मोकळं बसतं. आता कॉलमबाहेर प्लेट चारही बाजूंना १०० मिमी येते. पोलादी बांधकामाच्या आयएस ८००:२००७ या मानकातल्या स्लॅब बेसच्या (सपाट बेस प्लेटच्या) सूत्राने जाडी साधारण १७.४ मिमी निघते, म्हणून २० मिमी घ्या. पेडेस्टल ६०० चौरस ठेवा, म्हणजे बोल्ट कडेपासून १३० मिमी आत राहतो आणि उभ्या सळयांत अडकत नाही. सळया, रिंगा आणि बोल्ट एकाच प्लॅनवर काढा. हा प्लॅन नसेल तर मिस्त्री रिंग वाकवतो किंवा बोल्ट सरकवतो.

बोल्ट चार हवेतच. दोन बोल्टवर उभा केलेला कॉलम क्रेनचा हुक सुटताच डोलतो आणि वर माणूस चढलेला असतो. शेडची छपरं हलकी, त्यामुळे वाऱ्याने उचलण्याचा जोर बोल्टवर येतो. ४.६ ग्रेडचा (साध्या पोलादाचा) एम २४, म्हणजे २४ मिमी व्यासाचा बोल्ट स्वतः जवळपास ९८ किलोन्यूटन ओढ सोसतो. बोल्टची काँक्रीटमधली खोली किंवा कडेचं अंतर कमी पडलं तर बोल्ट शाबूत राहतो आणि काँक्रीटचा सुळका उपटून येतो. ही तपासणी वेगळी करावीच लागते. वाकवलेला जे-बोल्ट ओढ आल्यावर सरळ होत बाहेर येतो. म्हणून खाली प्लेट आणि नट असलेला सरळ बोल्ट दाखवा. टीएमटी सळईवर आटे पाडून बोल्ट करू देऊ नका, आटे पाडताना तिचा बाहेरचा कडक थरच कापला जातो. कोयनेचा १९६७ चा भूकंप लक्षात ठेवून पाटण-कराडकडच्या कामात आडव्या जोरासाठी प्लेटखाली शिअर की (काँक्रीटमध्ये घुसणारा पोलादी तुकडा) द्या, तो जोर बोल्टवर टाकू नका.

बोल्ट काँक्रीटच्या वर किती ठेवायचा, हे आकड्यांनी लिहा: ग्राउट (प्लेटखाली ओतायचा पातळ मसाला) ४०, प्लेट २०, वॉशर प्लेट १२, वॉशर ४, नट २०, चेकनट (पहिला सैल होऊ नये म्हणून दुसरा नट) २०, वर तीन आटे म्हणजे ९ मिमी. बेरीज १२५. लेव्हलिंग नट (प्लेटची पातळी जुळवणारा) प्लेटखाली बसतो, म्हणून आटे किमान १५० मिमी लांब मागा.

प्लेटमधली भोकं बोल्टपेक्षा मोठी, एम २४ ला ३२ मिमी. वरच्या वॉशर प्लेटचं भोक २६ मिमी. कॉलम ओळंब्यात आला की वॉशर प्लेट बेस प्लेटला वेल्ड करा, नट मात्र बोल्टला कधीच नाही. टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारी भोकांची प्लेट) एक वर आणि एक खाली असली तर बोल्ट तिरके होत नाहीत. काँक्रीटच्या आधी आणि लगेच नंतरही चार बोल्टांमधले दोन्ही कर्ण मोजा, आट्यांना ग्रीस लावून गोणपाट गुंडाळा.

सांगलीत आणखी एक गोष्ट. २०१९ चा महापूर पाहिलेल्या गावात पेडेस्टल फरशीच्या सपाटीला ठेवणं मला पटत नाही. किमान १५० मिमी वर घ्या आणि ग्राउटच्या कडा बाहेर उतरत्या करा. ग्राउट न आकसणारा वापरा आणि एकाच बाजूने ओता, दुसऱ्या बाजूने तो बाहेर दिसेपर्यंत. दोन्हीकडून ओतला तर मध्ये हवा अडकते आणि प्लेट नुसत्या लेव्हलिंग नटांवर उभी राहते.