नोकरीत असताना मृत्यू झाला तर कंपनीच्या गटविम्याचा दावा कसा करावा

नोकरी करणारा माणूस अचानक गेला की घरचे त्याच्या कपाटातल्या विमा पॉलिसी शोधतात. गटविम्याची पॉलिसी मात्र कपाटात सापडत नाही. ती कंपनीच्या नावावर असते, कर्मचारी तिचा फक्त सभासद असतो. त्यामुळे अनेक कुटुंबांना असा विमा आहे हेच कळत नाही आणि पैसा न मागितल्यामुळे तसाच पडून राहतो. ही रक्कम आपोआप घरी येत नाही, ती मागावी लागते. शिवाय मागण्या बहुतेक वेळा दोन असतात, एक पीएफ कार्यालयाकडे आणि एक विमा कंपनीकडे.

आधी कोणकोणते संरक्षण होते ते शोधा

पहिले संरक्षण ईडीएलआयचे, म्हणजे १९७६ च्या कर्मचारी ठेव संलग्न विमा योजनेचे. पीएफ कापला जात असेल तर हा विमा असतोच. त्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून जात नाही, मालक पगाराच्या ०.५ टक्के भरतो, म्हणून पगारपत्रकावर त्याची खूण दिसत नाही. मृत्यू आजाराने झाला, अपघाताने झाला की आत्महत्येने, घरी झाला की कामावर, याने या योजनेत काही फरक पडत नाही.

दुसरे संरक्षण ग्रुप टर्म पॉलिसीचे, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या, मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या गटविम्याचे. हे कंपनीच्या मर्जीवर असते, सगळीकडे नसते. रक्कम ठरावीक असते किंवा वार्षिक पगाराच्या दुप्पट-तिप्पट अशी पटीत. कर्मचाऱ्याने स्वतः पैसे भरून जादा कव्हर घेतले असेल तर पगारपत्रकात 'जीटीएल' (ग्रुप टर्म लाइफ) किंवा 'इन्शुरन्स' अशी कपात दिसते. मागच्या वर्षभराची पगारपत्रके आणि नियुक्तीपत्र काढून बघा, बऱ्याच गोष्टी तिथेच उलगडतात.

याशिवाय ग्रुप अपघात विमा, पगाराच्या बँक खात्याबरोबर मिळणारा अपघात विमा आणि बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर पंतप्रधान जीवन ज्योती योजनेचे २ लाख, एवढे विचारून घ्या. बँक खात्याबरोबरच्या विम्यांना कळवण्याची मुदत अनेकदा कमी असते, म्हणून बँकेला लगेच लेखी कळवा.

कंत्राटी कामगाराच्या बाबतीत घोळ ठरलेला. माणूस एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात राबत असतो, पण पीएफ ठेकेदाराच्या कोडखाली भरला जातो. पीएफ पासबुकावर ज्या आस्थापनेचे नाव आहे, ईडीएलआयचा फॉर्म तिच्याकडून साक्षांकित करून घ्यायचा. ठेकेदार दाद देत नसेल तर मूळ कंपनीला पत्र द्या, तिचीही जबाबदारी असते.

पहिल्या पंधरवड्यात करायची कामे

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. ती जिथे मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत होते. माणूस साताऱ्याचा असला आणि पुण्याच्या रुग्णालयात गेला असला तरी दाखला पुण्याचाच. आठ-दहा प्रती घ्या. नावाचे स्पेलिंग आणि मृत्यूची तारीख तिथल्या तिथे तपासा, कारण नंतरची दुरुस्ती फार वेळ खाते.

कंपनीच्या एचआरला तोंडी सांगून थांबू नका. ईमेल करा किंवा पोच घेऊन पत्र द्या, आणि त्यात हे स्पष्ट विचारा: ग्रुप टर्म पॉलिसी आहे का, विमा कंपनी कोणती, मास्टर पॉलिसीचा (कंपनीच्या नावावरच्या मूळ गट पॉलिसीचा) क्रमांक काय, सभासदाची विमा रक्कम किती, नॉमिनी म्हणून कोणाची नोंद आहे, आणि ईडीएलआय पीएफ कार्यालयाकडे आहे की कंपनीने पीएफ कायद्याच्या कलम १७(२ए) खाली सूट घेतली आहे. शेवटचा प्रश्न विसरू नका. सूट घेतलेल्या कंपन्या ईडीएलआयऐवजी एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीची गटविमा पॉलिसी घेतात. तसे असेल तर पीएफ कार्यालयात दिलेला ईडीएलआयचा अर्ज परत येतो आणि त्यात महिने जातात.

नॉमिनीचे स्वतःच्या एकट्याच्या नावाचे बँक खाते हवे. पतीबरोबरचे संयुक्त खाते दिले की अडचण येते. गेलेल्या माणसाचे सिम कार्ड लगेच बंद करू नका. पण त्यावर येणाऱ्या ओटीपीने त्याच्या लॉगिनमधून पीएफ काढूही नका. घाईत असे करणारी कुटुंबे आहेत. त्यातून नोंदीत माणूस 'नोकरी सोडलेला' दिसू लागतो आणि लाखांचा विमा अडकतो.

ईडीएलआयची रक्कम किती, आणि अर्ज कसा

हिशोब असा: शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मासिक पगाराची ३५ पट, अधिक त्याच १२ महिन्यांतल्या पीएफच्या सरासरी शिलकीची निम्मी रक्कम. पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता, तोही जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. शिलकीचा भाग १,७५,००० रुपयांपुढे जात नाही. म्हणून कमाल रक्कम ७ लाख. सलग १२ महिने सेवा झाली असेल तर किमान २.५ लाख मिळतात.

उदाहरणार्थ, मूळ वेतन २२,००० आणि सरासरी शिल्लक २,४०,००० असेल तर १५,००० गुणिले ३५ म्हणजे ५,२५,००० आणि शिलकीचे निम्मे १,२०,००० मिळून ६,४५,००० रुपये. मूळ वेतन ११,००० आणि शिल्लक ६०,००० असेल तर ३,८५,००० अधिक ३०,००० म्हणजे ४,१५,०००. आलेली रक्कम याच्याशी ताडून बघा.

वर्षही पूर्ण झालेले नसले तरी अर्ज कराच. २०२५ च्या सुधारणेनंतर अशा वेळी किमान ५०,००० रुपये आहेत, आणि दोन नोकऱ्यांमधला ६० दिवसांपर्यंतचा खंड सेवेतला खंड मानत नाहीत. शेवटची वर्गणी भरल्यापासून सहा महिन्यांत मृत्यू झाला आणि नाव कंपनीच्या पटावर होते, तरी लाभ मिळतो. बिनपगारी रजेवर दीर्घ आजारी असलेल्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे.

फॉर्म ५ आयएफ ईडीएलआयचा, फॉर्म २० पीएफच्या शिलकीचा आणि फॉर्म १०डी पेन्शनचा. मृत्यूच्या प्रकरणात या तिन्हींसाठी एकच संयुक्त अर्ज चालतो. पेन्शनचा भाग कोरा ठेवू नका. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पेन्शन लागू होते, आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही. ई-नॉमिनेशन झालेले असेल आणि नॉमिनीचा मोबाइल आधारला जोडलेला असेल तर यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) पोर्टलवरून घरबसल्या दावा भरता येतो. नसेल तर कागदी अर्ज, कंपनीच्या सहीशिक्क्यानिशी. कंपनी बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरची साक्षांकन सही चालते.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त दावे एका बारीक चुकीने अडतात. एचआर पीएफ पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख टाकतो तेव्हा कारण निवडावे लागते. तिथे 'डेथ इन सर्व्हिस' हेच हवे, आणि तारीख मृत्यूचीच हवी. हात सवयीने नेहमीच्या राजीनाम्याच्या पर्यायावर गेला किंवा तारीख शेवटच्या हजेरीची पडली, की कागदोपत्री तो माणूस मृत्यूच्या वेळी नोकरीतच नव्हता. एचआरकडून या नोंदीचा स्क्रीनशॉट मागून घ्या.

ग्रुप टर्मचा दावा

हा दावा कंपनीमार्फत जातो. एचआरने विमा कंपनीला कळवले की दावा क्रमांक मिळतो, तो आपल्याकडे लिहून ठेवा. सहसा लागणारी कागदपत्रे अशी:

- नॉमिनीची सही आणि कंपनीचा शिक्का असलेला दावा अर्ज
- मृत्यूचा दाखला आणि डॉक्टरांनी दिलेले मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र
- रुग्णालयातील मृत्यू असेल तर डेथ समरी आणि उपचारांचे कागद
- नॉमिनीचे आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक
- शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके, हजेरी आणि रजेची नोंद
- कंपनीकडचा नॉमिनेशन फॉर्म
- अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट (शवविच्छेदनाचा अहवाल). स्वतः गाडी चालवत असेल तर वाहन परवाना

पीएम रिपोर्टच्या शेवटी कधी कधी 'मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला' असा शेरा असतो. म्हणजे मृत्यूचे कारण व्हिसेराच्या, म्हणजे शरीरातल्या अवयवांच्या नमुन्यांच्या, रासायनिक तपासणीनंतर ठरणार, आणि तो अहवाल यायला महिने लागू शकतात. विमा कंपनी त्यासाठी थांबते. तुम्ही थांबू नका. बाकीचा सगळा संच देऊन टाका आणि व्हिसेरा प्रलंबित असल्याचे पोलीस ठाण्याचे पत्र जोडा. ईडीएलआयचा अर्ज तर या अहवालासाठी एक दिवसही अडवायचे कारण नाही.

दावा नाकारला जातो किंवा रक्कम कमी येते त्यामागे बहुधा कंपनीची नोंद असते. नवा कर्मचारी रुजू झाला पण त्याचे नाव विमा कंपनीला पाठवलेल्या यादीत गेलेच नाही. पगारवाढ झाली पण विमा रक्कम जुन्याच पगारावर राहिली. किंवा रक्कम फ्री कव्हर लिमिटच्या वर होती. या मर्यादेपर्यंत वैद्यकीय तपासणी लागत नाही. वरच्या भागासाठी ती सांगितली होती आणि झाली नाही, तर तेवढा भाग मिळत नाही. चूक यादी पाठवण्यात झाली असेल तर कुटुंबाने कंपनीकडे भरपाई लेखी मागावी, हा दोष मृताचा नाही. राजीनामा दिलेला असला तरी नोटीसच्या काळात माणूस सहसा सभासदच असतो, कव्हर साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवसाबरोबर संपते. आत्महत्या असेल तर 'मिळणार नाही' असे कोणी सांगितले म्हणून गप्प बसू नका, मास्टर पॉलिसीतले कलम लेखी मागा.

रक्कम थेट नॉमिनीच्या खात्यावर जमा व्हावी असे अर्जात नमूद करा. कंपनीचे कर्ज किंवा उचल असली तरी पीएफच्या शिलकीतून ती वळती करता येत नाही. मृत्यूपोटी आलेल्या या विमा रकमेवर प्राप्तिकर नाही. ग्रॅच्युइटीही कंपनीकडे याच वेळी मागा: मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट लागत नाही.

नॉमिनी आणि नावांचा गुंता

पीएफचे लग्नाआधीचे नॉमिनेशन लग्न झाल्यावर आपोआप रद्द ठरते. आईचे किंवा भावाचे नाव तसेच राहिले असेल तर ते धरले जात नाही. नॉमिनेशनच नसेल तर ईडीएलआयची रक्कम कुटुंबीयांत समान वाटली जाते, पण सज्ञान मुलगे आणि पती हयात असलेल्या विवाहित मुली त्यातून वगळल्या जातात. घरात यावरून वाद होतात, म्हणून नियम आधी सगळ्यांना दाखवावा. ग्रुप टर्मचे नॉमिनेशन वेगळ्या फॉर्मवर असते आणि त्याचे नियमही वेगळे, तिथे पीएफचा नियम लावू नका.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे बायकोचे नाव. लग्नात नाव बदलले, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे आले, आडनावही बदलले. फॉर्मवर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. विवाह नोंदणी दाखला आणि 'ही एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. शेरा आल्यावर जोडण्यात एक फेरी वाया जाते.

मुले अज्ञान असतील तर त्यांच्या नावे बँक खाती उघडा. ऑगस्ट २०२५ पासून, रक्कम मृत सभासदाच्या मुलांच्या खात्यांवर जमा होणार असेल तर पीएफ कार्यालय पालकत्वाचे प्रमाणपत्र मागत नाही. नॉमिनी आधीच वारला असेल तर विमा कंपनी न्यायालयाचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते. गोव्यात विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त करण्याची सोय आहे.

दावा रेंगाळला तर

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे तपासाची गरज नसलेला मृत्यूदावा १५ दिवसांत आणि तपास लागणारा ४५ दिवसांत निकाली निघायला हवा. उशीर झाला तर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावे लागते. ते अर्जात मागा. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, मग 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि गटविम्याच्या तक्रारीही घेतल्या जातात. विमा कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे पोचावे लागते.

पीएफ कार्यालयाची तक्रार ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर करता येते. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' शिबिर भरते. तिथे अधिकारी समोर असतात, तेव्हा अर्जाची पोच, यूएएन आणि परत आलेल्या शेऱ्याची प्रत घेऊन जा. शेऱ्यात नेमका कोणता कागद हवा आहे ते त्यांच्याकडून तिथेच लिहून घ्या.