हेल्मेटखाली बसलेले केस वाटेत कसे सोडवायचे

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पार्लर आहे, पण लग्नसराईत माझा निम्मा दिवस स्कूटरवरच जातो. आज कळे, उद्या बांबवडे, परवा गारगोटी. पहाटे निघायचं, उजाडायच्या सुमाराला नवरीच्या दारात स्कूटर लावायची, हेल्मेट काढायचं आणि सामानाची पेटी घेऊन आत जायचं. दारातल्या बायका सगळ्यात आधी माझ्या केसांकडं बघतात. आपल्या पोरीचे केस जी बाई बांधणार, तिचे स्वतःचे कसे आहेत हे त्या बघणारच.

अगदी सुरुवातीच्या दिवसांत बांबवड्याला एक काम मिळालं होतं. पहाटे न्हाले, केस टॉवेलनं पुसले, वेळ नव्हता म्हणून ओलसर असतानाच अंबाडा घातला आणि वर हेल्मेट चढवलं. तासाभरानं पोचले. हेल्मेट काढलं तर टाळूवरचे केस चापट, दोन्ही कानांच्या वर आडवी घडी पडलेली आणि मागं अंबाड्याचा वळसा जसाच्या तसा. कंगवा फिरवून फिरवून हात दुखला, पण घडी हलेना. नवरीची आत्या समोरच उभी होती. म्हणाली, "अगं, तुझंच तुला नीट ठेवता येईना, आमच्या पोरीचं काय करणार तू?" मला ते फार लागलं. काम नीट झालं, नवरी छान दिसली, तरी परत येताना डोक्यात तेच वाक्य घुमत होतं.

हेल्मेटच घालायचं नाही, असं बऱ्याच जणी करतात. मी ते करणार नाही. गाळपाच्या दिवसांत कळ्याहून परत येताना कुडित्र्याच्या अलीकडं ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्यावर माझं पुढचं चाक गेलं आणि मी उजव्या अंगावर आपटले. हेल्मेटची उजवी बाजू रस्त्यावर घासून पांढरी पडली, माझ्या डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. ते हेल्मेट मी परत वापरलं नाही. आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, तो धक्का झेलताना दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून धड दिसलं तरी आपटलेलं हेल्मेट बदलायचंच. म्हणून पुढं जे सांगते ते सगळं हेल्मेट डोक्यावर घट्ट, पट्टा लावलेला आणि आयएसआय मार्कचं आहे असं धरून. केस वाचवायला हेल्मेट मागं कलतं ठेवणं किंवा एक साइज मोठं घेणं ह्याला मी उपाय म्हणत नाही.

आता हेल्मेटखाली केस का बसतात, ते आधी समजून घ्या. केस ओला झाला की त्याच्या आतले काही बंध सुटतात. वाळताना तो ज्या आकारात धरलेला असेल, त्याच आकारात ते बंध पुन्हा जुळतात. पार्लरमध्ये आम्ही ब्लो ड्राय करतो ते ह्याच जोरावर. ओला केस ब्रशवर ताणून धरायचा, वाळवायचा, मग तो तसाच राहतो. हेल्मेटमध्येही हेच होतं. न्हाल्याचा ओलावा असो की घामाचा, केस दाबलेल्या अवस्थेत वाळतात आणि दबलेलेच राहतात. माझा कंगवा त्या दिवशी चालला नाही तो म्हणूनच. कोरड्या केसावर कितीही कंगवा फिरवला तरी बंध सुटत नाहीत. त्याला थोडं पाणीच लागतं.

म्हणून न्हायचं ते आदल्या रात्री. सकाळीच न्हावं लागलं तर केस मुळापर्यंत खडखडीत वाळल्याशिवाय हेल्मेटला हात लावायचा नाही. वरून हाताला कोरडे लागतात, पण मानेजवळ आणि कानामागं ओल राहते. तिथं बोटं घालून बघा.

बांधायचं कसं, तर मानेशी, खाली, सैल वेणी. रबर कापड गुंडाळलेलं घ्यायचं, बारीक रबरानं केस तुटतात. अंबाडा, उंच पोनी, क्लचर, मोठ्या पिना हेल्मेटखाली नकोतच. त्यांच्यामुळं हेल्मेट डोक्यावर पूर्ण बसत नाही, आणि पडलात तर तीच कडक वस्तू डोक्यात रुतते. वेणीचा शेंडा जॅकेटच्या आत सोडा. बाहेर फडफडत राहिला तर वाऱ्यानं अशा गाठी होतात की शेंडे कापावे लागतात. आणि रोज घट्ट ओढून बांधू नका. माझ्याकडं येणाऱ्या मुलींमध्ये कपाळाच्या दोन्ही कडांचे केस विरळ झालेल्या कितीतरी जणी असतात. ताणून बांधायची सवय आणि वरून हेल्मेटचा दाब, असं दोन्ही चालू असतं. ते केस वेळेवर जपले तर परत येतात, वर्षानुवर्षं ताण राहिला तर येत नाहीत.

हेल्मेटच्या आत मी सॅटिनची टोपी घालते. महाद्वार रोडवर कापड घेताना अस्तराचं सॅटिन अर्धा मीटर जादा घेतलं आणि शिंप्याकडून दोन टोप्या शिवून घेतल्या, कपाळावर बारीक इलॅस्टिक घालून. सॅटिनवर केस घसरतो, घासला जात नाही, त्यामुळं तो पिंजारत नाही आणि तुटतही नाही. पण एप्रिल-मे महिन्यात सॅटिन नको. ते घाम पिऊन घेत नाही आणि डोकं आतल्या आत भिजतं. तेव्हा जुन्या धुवट सुती ओढणीचा एकेरी तुकडा बांधायचा, गाठ मागं न घेता टोकं आत खोचायची. दुपारच्या फेरीला तो बदलायचा. घामेजलेला तुकडा परत बांधला तर त्याचा काही उपयोग नाही.

आता वाटेतला थांबा. हेल्मेट थेट नवरीच्या दारातच पहिल्यांदा काढायचं, असं मी आता कधीच करत नाही. गावाच्या अलीकडं दहा मिनिटं थांबायचं, हे ठरलेलं. रत्नागिरी रोडला असले तर वाघबिळाला थांबते. पन्हाळ्याला वर जाणारा रस्ता तिथनंच फुटतो. चहा मिळतो, वारा भरपूर असतो, आणि वाराच तर हवा असतो.

स्कूटर स्टँडला लावते, आरसा वर फिरवते. हेल्मेट काढते, टोपी काढते, वेणी सोडते. कंगवा अजून बाहेर काढायचा नाही. डिकीत एक छोटी फवाऱ्याची बाटली असते, साध्या पाण्याची. ती केसांच्या लांबीवर नाही, मुळाशी मारायची: टाळूवर दोन वेळा, कानांच्या वर जिथं घडी पडते तिथं एकेकदा, कपाळाशी एकदा. केसातून पाणी गळता कामा नये, हाताला नुसतं गार लागलं की पुरे. मग पुढं वाकायचं, सगळे केस चेहऱ्यावर येऊ द्यायचे, आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, मुळं गोल गोल चोळायची. अर्धा मिनिट तरी. चोळताना आधी टाळूवरची कातडी ताठ लागते, मग सैल पडल्यासारखी वाटते. ती सैल वाटली की सरळ उभं राहायचं आणि भांग नेहमीच्या उलट बाजूला पाडायचा. माझा डावीकडं असतो, म्हणून मी सगळे केस उजवीकडनं डावीकडं टाकते. तसेच ठेवून चहा घ्यायचा. चहा संपेपर्यंत मुळं वाऱ्यानं वाळतात, पण उलट्या बाजूला उभी राहून. आता भांग पुन्हा जागेवर आणला की केस टाळूपासून उठलेले दिसतात. त्यानंतर मोठ्या दातांचा कंगवा, शेंड्याकडनं सुरुवात करून वर वर. कानावरची घडी राहिलीच असेल, तर तेवढीच बट ओल्या बोटांत धरून हलकी ओढायची आणि वाळेपर्यंत धरून ठेवायची.

ह्यात घाई केली तर सगळं फुकट जातं. ओलसर मुळांवर परत काही बांधलं की तीच घडी परत बसते.

गजरा असेल तर तो हेल्मेटखाली कधीच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते आणि पोचल्यावर माळते.

तेलाचं सांगायला हवं, कारण आपल्याकडं तेलाशिवाय डोकं कोरडं वाटतं. तेल लावा, पण रात्री, आणि प्रवासाच्या आधी धुऊन टाका. तेलकट केस हेल्मेटखाली आणखी चिकटून बसतात. ते तेल आतल्या गादीत मुरतं, त्याला धूळ धरते आणि मग कपाळावर पुटकुळ्या येतात. वाटेत मुळं तेलकट वाटलीच तर बोटावर चिमूटभर टाल्कम पावडर घेऊन मुळाशी दाबायची आणि नीट चोळायची. काळ्या केसांत पांढरी दिसता कामा नये, म्हणून चिमूटभरच.

थंडीत अडचण वेगळी असते. हवा कोरडी, हेल्मेट काढताच केस भुरभुर उडतात आणि गालाला चिकटतात. नायलॉनचा स्कार्फ असला तर जास्तच. तेव्हा पाण्याचा हात किंवा तळव्याला चोळलेलं अगदी थेंबभर खोबरेल, वरच्या वर फिरवायचं. पावसाळ्यात गगनबावड्याकडं जायचं तर मी केस सुटे ठेवायचा विचारच सोडते. त्या हवेत केस वाळतच नाहीत, मग उठवून काय करायचं? तिथं पोचल्यावर मधला भांग, चापून बसवलेली वेणी, झालं. चापून बसवलेले केस मुद्दाम बसवलेत असं दिसलं की नीटनेटके वाटतात. सुकी टोपी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन तरी असाव्यात.

आणि जोतिबा. चैत्र यात्रेला किंवा रविवारी डोंगरावर जाऊन आलात तर डोक्यात गुलाल असतोच. तसंच हेल्मेट घातलं की घामानं गुलाल भिजतो, मुळाशी चिकटतो, हेल्मेटची गादी गुलाबी होते ती कायमची. खाली उतरायच्या आधी केस सोडून, वाकून, कोरड्या फडक्यानं झटका. पाणी अजिबात लावू नका. कोरडा गुलाल झटकला की बराचसा जातो. मग टोपी, मग हेल्मेट. उरलेला घरी येऊन धुवा.

पुरुषांचं सोपं आहे. बारीक केसांना ओला हात, टॉवेल, बोटं, दोन मिनिटांत काम होतं. फक्त जेल लावून हेल्मेट घालू नका. माझा भाचा शिवाजी विद्यापीठात शिकतो, तो रोज तेच करायचा आणि रोज खांद्यावर पांढरा कोंडा पडलाय म्हणून माझ्याकडं यायचा. कोंडा नव्हताच, वाळलेल्या जेलचे पापुद्रे होते. आता जेल खिशात ठेवतो आणि पोचल्यावर लावतो. हेल्मेट डोक्यावर असताना किंवा त्याच्या आतल्या बाजूला स्प्रे, सेंट मारू नका. काही स्प्रेंमधल्या द्रवांनी आतला थर खराब होतो.

राहिली हेल्मेटची गादी. बऱ्याच हेल्मेटची निघते, बटणं ओढली की सुटते. मी लग्नसराईत पंधरा दिवसांनी काढते, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून भिजवते, चोळते, पिळत नाही, टॉवेलमध्ये दाबते आणि सावलीत वाळवते. निघत नसेल तर ओल्या फडक्यानं पुसून पालथं न घालता उताणं ठेवा, वारा आत लागला पाहिजे. परवा धुतली तेव्हा पाणी गढूळ निघालं, उसाच्या पाचटाची काजळी आणि माझं कपाळाचं कुंकू. गादी पूर्ण वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी काम नाही असाच वार मी त्यासाठी बघते.