बीव्ही १४१ कसं काढायचं (आणि मध्येच मोह कसा आवरायचा)

दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात कुरूप विमान कुठलं यावर भांडणं होतात, पण विचित्र म्हणाल तर माझं मत जर्मनीच्या ब्लोम अँड फॉसच्या बीव्ही १४१ ला. वरून बघितलं तर वाटतं कोणीतरी दोन विमानं अर्धी-अर्धी कापून चिकटवलीत.

ए४ कागद आडवा घ्या. १:७२ स्केलला बी मॉडेलचे (याच विमानाची नंतरची आवृत्ती) पंख साधारण २४.२ सेंमी आणि लांबी १९.४ सेंमी येते, म्हणजे जेमतेम बसतं. विमानाचं नाक वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर डावं-उजवं उलटं होऊन घोळ होतो.

आधी पंख काढा. मग मधोमध रेघ मारायची सवय असते ना, ती इथे विसरा, मध्ये काहीच नाहीये! पंखांच्या मध्यापासून डावीकडे लांब नळी काढा, पुढे इंजिन आणि तीन पात्यांचा प्रॉपेलर, मागे शेपटी. उजवीकडे आखूड, गुबगुबीत काचेची केबिन, तिच्यात तीन माणसं. केबिनच्या नाकावर प्रॉपेलर नाही, हात आवरा.

आता शेपटी, इथेच सगळे चुकतात, मीही दोनदा खोडलंय. बी मॉडेलमध्ये आडवं शेपूट जवळपास फक्त डावीकडेच आहे, उजवीकडचं काढूनच टाकलेलं, कारण केबिनच्या मागच्या टोकाला बसलेल्या गनरला मागे गोळ्या झाडायला मोकळी जागा हवी होती. हे डोक्यात ठेवलं की काय कुठे जातं ते आपोआप लक्षात राहतं. केबिन उजवीकडे का, तर प्रॉपेलर फिरताना विमान डावीकडे कलायला बघतं, त्याला उजवीकडचं वजन तोलून धरतं. डिझायनर रिचर्ड फोग्टचं हे डोकं, आणि १९३८ मध्ये ते खरंच उडालं, बरं उडालं.

काम टेहळणीचं, त्यामुळे काच भरपूर. चौकटीच्या रेघा बारीक पेन्सिलने मारा आणि शेडिंग अगदी हलकं ठेवा, नाहीतर केबिन कोळशाचं पोतं दिसते. इंजिनाचं नाक मात्र जाड गोल काढा, आत बीएमडब्ल्यू ८०१, चौदा सिलिंडरचं धूड. तेच इंजिन फोके-वुल्फ १९० फायटरलाही लागायचं, आणि टेहळणीचं काम शेवटी दोन शेपट्यांच्या फोके-वुल्फ १८९ ला मिळालं, हे वाकडं विमान मोजकंच बनलं.

खोडरबर जवळ ठेवा, उजवं शेपूट हाताला आपोआप सुचतंच.