हॉप्स निवडताना या चुका टाळा

हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं; साझ, मॅग्नम, सिट्रा, कॅस्केड ही त्यांची वाणं. सिएटलमध्ये नव्याने घरी बिअर करू लागलेले मित्र मला हमखास विचारतात, "साझ मिळालं नाही, मॅग्नम घातलं तर चालेल ना?" चालेल. पण किती घालायचं, हे कुणीच विचारत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. पिल्सनर या सोनेरी बिअरच्या २० लिटरला ६० ग्रॅम साझ हवं होतं आणि ते दुकानात संपलं होतं. मी ६० ग्रॅम मॅग्नम आणलं आणि तासभर उकळलं. दोन महिने जपलेली ती बिअर पहिल्याच घोटाला कारल्याच्या रसासारखी कडू लागली. सगळी मोरीत ओतली. भावनगरी मिरच्यांऐवजी तेवढ्याच लवंगी मिरच्या घातल्यावर भाजीचं होईल तेच झालं.

हॉप्सचा कडूपणा अल्फा आम्लांमुळे येतो. माझ्या साझच्या कृतीत ती ३.५ टक्के धरली होती. मॅग्नमच्या पाकिटावर १४ छापलं होतं. चौपट! म्हणजे १५ ग्रॅम पुरले असते. तेव्हापासून पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय मी वजनकाटा काढत नाही. वाण तेच असलं तरी आकडा दर हंगामाला बदलतो, म्हणून मागच्या वर्षीची वही उघडून तेच वजन घेऊ नका.

दुसरी चूक पाहून जीव तुटतो. महागडं सिट्रा पहिल्या उकळीलाच टाकतात. त्याचा लिंबू-संत्र्यासारखा वास देणारी तेलं तासाभरात वाफेबरोबर उडून जातात. कोथिंबीर आमटीत तासभर कुणी उकळतं का? मी सुरुवातीला थोडं मॅग्नम घालतो. सिट्रा मात्र गॅस बंद करून, वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, ८० अंश सेल्सिअसवर उतरल्यावर, वीस मिनिटं. एवढा धीर नसेल तर सिट्रावर पैसे घालवू नका.

एका बिअरमध्ये पाच वाण नकोत. आधी नुसत्या कॅस्केडची करा. १९७२ पासून बाजारात असलेलं हे वाण नवख्यालाही सांभाळून घेतं.

हॉप्सना जुन्या चीजसारखा वास आला तर फेकून द्या. उघडलेलं पाकीट हवा काढून फ्रीझरमध्येच ठेवा.

सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या, हॉप्स पिकवणाऱ्या याकिमा खोऱ्यातून ताजे, ओले हॉप्स आणणार असाल, तर सुक्याचं वजन लावू नका. त्यांत बहुतेक पाणीच असतं. मी पाचपट घेतो आणि तोडले त्याच दिवशी भांडं चढवतो.