माळ्यावरची ओल: गळती की वाफ?

पोटमाळ्यावर ओल दिसली की लगेच छत दुरुस्तीला काढू नका. आधी टॉर्च घेऊन वर चढा. डाग एकाच जागी असेल आणि पावसानंतर वाढत असेल, तर बहुधा गळती. पण पाऊस नसताना, थंडीच्या सकाळी छताला आतून सगळीकडे बारीक थेंब दिसले, खिळ्यांच्या टोकांवर तर टपोरे, तर ते पाणी घरातूनच वर गेलंय. आंघोळीची, स्वयंपाकाची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची दमट हवा वर चढते आणि गार छताला लागली की तिचं पाणी होतं.

म्हणून वाफ खालीच अडवा. एक्झॉस्ट पंख्याचा पाइप माळ्यातच सोडलेला असेल तर तो थेट घराबाहेर काढा. हे काम सगळ्यात आधी, बाकीचं नंतर. मग माळ्याच्या झाकणाला कडेने फोमची पट्टी लावा, वायर-पाइपांभोवतीच्या फटी बुजवा. वळचणीकडच्या हवेच्या झरोक्यांना मात्र हात लावू नका. थंडी येते म्हणून लोक तेच बंद करतात आणि ओल आणखी वाढते. सामान किंवा इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) झरोक्यांना टेकलं असेल तर मागे सरकवा. पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, कपडे-पुस्तकं त्यांत ठेवू नका.