प्रॉक्सीमागची साइट: शेवटचा स्लॅश सांभाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी अशा शाखांची पानं एकाच डोमेनवर आणायची, तर पुढे एनजिनएक्स (मागणी घेऊन योग्य ॲपकडे पाठवणारा सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) आणि मागे प्रत्येक शाखेचं ॲप वेगळ्या पोर्टवर, ही मांडणी सोयीची. मग ‘/खानापूर’ उघडल्यावर मजकूर दिसतो, पण रंग आणि फोटो गायब. ‘/खानापूर/’ उघडलं की सगळं जागेवर.

याचं कारण ब्राउझरच्या हिशेबात आहे. रिलेटिव्ह पाथ, म्हणजे स्लॅशनं सुरू न होणारा अर्धा पत्ता, जोडताना तो पत्त्यातल्या शेवटच्या स्लॅशनंतरचं सगळं कापतो. त्यामुळे ‘/खानापूर’वर ‘शैली.सीएसएस’ लिहिलेलं असेल, तर तो थेट ‘/शैली.सीएसएस’ मागतो. प्रॉक्सीनं मागे काय बदललं ते त्याला कळत नाही. भाषा बदलायच्या दुव्याचं उलटं होतं: ‘/खानापूर/मराठी’ या पानावरचा ‘कन्नड/’ हा दुवा बरोबर जातो, पण पत्ता ‘/खानापूर/मराठी/’ असेल तर तोच दुवा ‘/खानापूर/मराठी/कन्नड/’ला नेतो. म्हणून आधी स्लॅश हवा की नको ते ठरवा, मगच पाथ दुरुस्त करा.

एफ१२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये फाइल नेमकी कुठून मागितली ते बघा. ४०४ (फाइल सापडली नाही) आला तर सोपं. २०० (सापडली) आला तरी कंटेंट-टाइप, म्हणजे आलेल्या उत्तराचा प्रकार, तपासा; बरीच ॲप्स न सापडलेल्या फाइलऐवजी मुख्य पानच पाठवतात, आणि तिथे तासभर वाया जातो.

एनजिनएक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘लोकेशन /खानापूर/’ (कोणता पत्ता जुळवायचा ती ओळ) आणि प्रॉक्सी पासच्या (मागणी मागे कुठे पाठवायची त्या ओळीच्या) पत्त्याशेवटी, म्हणजे ॲप ३००० पोर्टवर असेल तर त्या आकड्यानंतरही, स्लॅश द्या. मग ‘/खानापूर/यादी’ मागे ‘/यादी’ होऊन जातं. प्रॉक्सी पासचा स्लॅश राहिला तर पूर्ण पाथ जसाच्या तसा जातो. लोकेशनचा राहिला तर मागे ‘//यादी’ जातं, शिवाय ‘/खानापूररोड’सुद्धा त्याच ॲपकडे वळतं.

लोकेशनला स्लॅश असला की ‘/खानापूर’ला एनजिनएक्स स्वतःच ३०१, म्हणजे ‘/खानापूर/’कडे कायमचं रिडायरेक्ट, देतो. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, त्यामुळे चाचणीपुरतं ‘लोकेशन = /खानापूर’ लिहून ३०२ (तात्पुरतं रिडायरेक्ट) द्या; त्यात क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला ‘?’नंतरचा भाग) स्वतः जोडावी लागते. रिडायरेक्टमध्ये ८०८० सारखा आतला पोर्ट दिसत असेल, तर ‘ॲब्सोल्यूट रिडायरेक्ट’ ऑफ करा. आणि प्रॉक्सी स्लॅश लावते, ॲप काढतं, असं झालं तर पान गोल फिरत राहतं. हे काम दोघांपैकी एकाकडेच ठेवा.

‘/शैली.सीएसएस’ असा स्लॅशनं सुरू होणारा पाथ यानं सुटत नाही; तो डोमेनच्या मुळाशीच जातो. ॲपमध्येच बेस (सगळे पत्ते जिथून सुरू होतात तो पाथ) ‘/खानापूर/’ करून पुन्हा बिल्ड करा. एनजिनएक्सच्या सब फिल्टरनं जाता-जाता एचटीएमएल बदलता येतं, पण जावास्क्रिप्टनं नंतर तयार केलेले पत्ते तसेच राहतात, आणि मागच्या ॲपकडून कॉम्प्रेस केलेला मजकूर आला तर काहीच बदलत नाही; त्यासाठी ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर रिकामा पाठवावा लागतो. एचटीएमएलमध्ये बेस टॅग लावलात तर पानातले ‘#’चे दुवेही त्याच बेसवरून मोजले जातात. सीएसएसमधला ‘यूआरएल’ मात्र पानावरून नाही, सीएसएस फाइलच्या जागेवरून मोजतात.

देवनागरी पाथ लोकेशनमध्ये सरळ लिहा, कॉन्फिग फाइल यूटीएफ-८ ठेवा. एनजिनएक्स पत्ता उलगडूनच जुळवतो. रिडायरेक्ट देणाऱ्या रिटर्नच्या ओळीत मात्र तो पाथ परसेंट-एन्कोड करून (अक्षरांऐवजी ‘%’चे कोड लिहून) द्या. ‘खानापूर’ आणि ‘खानापुर’ हे दोन वेगळे पत्ते आहेत. ऱ्हस्व लिहिणारेही बरेच असतात, त्यांच्यासाठी आणखी एक रिडायरेक्ट ठेवा.