जुन्या खिडकीच्या झडपांचा हेडबोर्ड, एकही झडप न कापता

गिरगाव, लालबाग, दादर भागात जुनी इमारत पाडायला घेतली की भिंती पडण्याआधी लाकूड उतरवलं जातं. दारांच्या चौकटी, खिडक्यांच्या झडपा, कठड्याचे कातीव खांब, गॅलरीचे ब्रॅकेट. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती ‘अ’ वर्गात मोडतात. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, तिथलं सागवान मुंबईत भरपूर यायचं. त्यामुळे अशा इमारतीतून आलेल्या झडपेला विक्रेता ‘बर्मा’ म्हणाला, तर ते खरं असायला जागा आहे.

अशा झडपांचा हेडबोर्ड, म्हणजे पलंगाच्या उशाचा फलक, करताना एक नियम पाळावा: जुनी वस्तू कापायची नाही. उभ्या-आडव्या पट्ट्यांचे खाचेत बसवलेले सांधे हाच झडपेचा जीव. दोन इंच रुंदी कमी करायला कड कापली की पट्टी बारीक होते, सांधा उघडा पडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात झडप खिळखिळी होते. माप कमी पडेल ते नव्या फळीनं भरायचं आणि वजन मागच्या नव्या फ्रेमवर टाकायचं. म्हणून नेमक्या मापाची झडप शोधत बसू नका. पलंगापेक्षा अरुंद जोडी मिळाली तर उलट सोय होते.

मापं

क्वीन पलंग ६० इंच रुंद असतो, किंग ७२. हेडबोर्ड दोन्ही बाजूंना एकेक इंच बाहेर राहू द्यावा. पुढचं सगळं गणित क्वीनसाठी, म्हणजे ६२ इंच रुंदीसाठी आहे.

समजा, २२ इंच रुंद, ३६ इंच उंच आणि सव्वा इंच जाड अशा दोन झडपा मिळाल्या. ४४ इंच झाले, १८ उरले. दोन्ही कडांना ५-५ इंचांच्या फळ्या, मधोमध साडेसात इंचांची एक, आणि चार फटी प्रत्येकी ३ मिमीच्या, म्हणजे मिळून साधारण अर्धा इंच. फटी शोभेसाठी नाहीत. साडेसात इंचांची सागवानी फळी कोरड्या दिवसांपासून भर पावसाळ्यापर्यंत दीड-दोन मिमी सहज फुगते. तिला जागा नसेल तर ती शेजारच्या झडपेला ढकलते.

उंचीसाठी गादीचा वरचा पृष्ठभाग धरा. १४ इंचांचा बॉक्स बेड आणि ६ इंचांची गादी मिळून २० इंच होतात. झडपेची खालची कड १८ इंचांवर ठेवली की ती गादीआड जाते आणि वरची कड ५४ इंचांवर येते. टेकून बसणाऱ्याला तेवढं पुरतं.

बाजारात जाण्याआधी आणखी तीन मापं टिपून घ्या: उशाच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड, स्कर्टिंगची जाडी आणि लिफ्टचं दार. स्विचबोर्ड हेडबोर्डमागे जात असेल तर फळ्यांचा क्रम बदला, म्हणजे भोक नव्या फळीत पडेल. सात-आठ फुटी जुनं दार लिफ्टमध्ये मावत नाही आणि सोसायटीचा जिना दर वळणावर अडवतो. झडपा सुट्या आणून जोडणी खोलीतच करणं म्हणूनच सोपं.

खरेदी

जुन्या सामानासाठी जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार बघावा. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर सुट्या वस्तू, कड्या-कोयंडे आणि पितळी सामान जास्त. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात. झडपा नगावर विकल्या जातात, फळ्या घनफुटावर. फुटातली लांबी × इंचातली रुंदी × इंचातली जाडी, भागिले १४४, हे गणित स्वतः करावं. आपल्याला ३६ इंचांचे तीन तुकडे हवेत, म्हणून १० फूट लांब, ८ इंच रुंद, १ इंच जाड अशी एक फळी घ्या. ती ०.५६ घनफूट भरते.

झडप उभी करून आधी तळाची आडवी पट्टी बघा. पाऊस आणि फरशीचं पाणी तिथेच मुरतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं आणि ते सहज आत गेलं तर झडप सोडून द्या. बारीक भोकांतून ताजा, पिठासारखा भुसा पडत असेल तर पोखरकिडा अजून आत आहे. जुनी, काळपट, कोरडी भोकं चालतात. मागची बाजू जरूर बघा: सपाट डोक्याचे, एका खाचेचे गंजके स्क्रू जुन्या झडपेला शोभतात. चौफुली खाचेचे चकचकीत स्क्रू आणि सगळीकडे एकसारखा घासलेला रंग दिसला, तर नवीनच माल जुना करून ठेवलाय.

काही वस्तू सुंदर असूनही उशाशी नकोत. बिडाच्या कठड्याची जाळी फार जड असते, शिवाय बीड ठिसूळ. घरगुती वेल्डिंगला ते तडकतं. लूव्हरच्या हलत्या पट्ट्यांत केस अडकतात, त्या घ्यायच्याच असतील तर मागून बारीक पट्टी मारून स्थिर करा. आणि वाड्याची गणेशपट्टी मिळाली तर ती दारावरच लावा. देवाकडे पाठ करून टेकणं बहुतेक घरांत कुणाला रुचणार नाही.

वर आणण्यापूर्वी ढेकूण

चाळीतून आलेलं लाकूड थेट पलंगाला जोडायचं असल्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. ढेकूण सांध्यांत, बिजागरीच्या खाचेत आणि स्क्रूच्या भोकांत राहतात आणि खाण्याविना कित्येक महिने जगतात. शाईच्या टिंबांसारखे काळे डाग आणि पारदर्शक कात या त्यांच्या खुणा. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे सगळं काढा आणि वाफेच्या मशीनचं तोंड प्रत्येक फटीवरून अगदी सावकाश फिरवा. ५० अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, पण ती उष्णता फटीच्या तळापर्यंत पोचायला हवी. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर ठेवण्यावर विसंबू नये. जाड लाकडाचा गाभा तेवढा तापेलच असं नाही आणि कडक उन्हानं पॅनल, म्हणजे झडपेच्या पट्ट्यांमधली पातळ फळी, मात्र तडकतं. खुणा जास्त दिसल्या तर पेस्ट कंट्रोल खालीच करून घ्या.

जुना रंग

घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चालावं. उडालेल्या हिरव्या-निळ्या रंगाचे पापुद्रे तसेच ठेवून वरून क्लिअर कोट मारायची टूम सध्या आहे. बैठकीतल्या भिंतीसाठी तिचा विचार करता येईल, पण रोज डोकं घासलं जातं तिथे नको. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मुळीच नको.

रंग काढताना कोरडा पॉलिश पेपर आणि सँडिंग मशीन दोन्ही वर्ज्य, कारण विषारी धूळ त्यानंच होते. जेल रिमूव्हर लावा, फुगलेला रंग पत्र्याच्या खरवडणीनं काढा आणि उरलेला १२० नंबरच्या वॉटर पेपरनं ओलाच घासा. हीटगन वापरायची तर तापमान ४०० अंशांच्या आत ठेवा. फार तापलं की शिशाची वाफ होते. एन-९५ मास्क, हातमोजे आणि खाली जाड प्लास्टिक हवंच. मुलांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा. खरवड पिशवीत बांधून टाका, बेसिनमध्ये किंवा गॅलरीच्या मोरीत ते पाणी ओतू नका.

मग खिळे. रंगाखाली आणि पुट्टीखाली दडलेले खिळे लोहचुंबक फिरवून शोधा. एक चुकला तरी रंध्याचं पातं गेलं.

दुरुस्ती आणि कीड

लाकूड उघडं पडलं की कीडनाशक द्रावण लावायची हीच वेळ, कारण ते रंगातून किंवा पॉलिशमधून आत जात नाही. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून कोमट असतानाच ब्रशनं दोन हात द्या, भोकांत सिरिंजनं सोडा. तळाच्या पट्टीच्या टोकांना जास्त पाजा.

आता झडपा सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे उभ्या ठेवा, शक्यतो ज्या खोलीत लावायच्या तिथेच. उघड्यावर भिजलेलं लाकूड लगेच जोडलं तर एसी सुरू झाल्यावर फटी वाढतात. ऑक्टोबर ते मे हा काळ या कामाला बरा.

सैल सांधा असेल तर जुना गोंद खरवडून मरीन प्रकारचा फेविकॉल घाला, क्लॅम्प नसेल तर सुतळीचा फेरा घालून काठीनं पीळ द्या आणि २४ तास हलवू नका. पॅनलला मात्र गोंदाचा थेंबही लागू देऊ नये. ते खाचेत सुटं असतं म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. चिकटवलं की मधोमध चिरतं. दोन्ही कर्ण मोजून बघा. पाव इंचापर्यंत फरक असेल तर झडप तशीच राहू द्या आणि शेजारची नवी फळी तिला जुळेल अशी रंधून घ्या.

फ्रेम आणि जोडणी

मागच्या फ्रेमसाठी २ × १ इंचाची सुकलेली, सरळ पट्टी लागेल. ६० इंचांच्या तीन आडव्या आणि त्यांच्या मध्ये बसणारे उभे तुकडे चार ओळींत, एकूण उंची ३४ इंच. हिशोब साडेचोवीस फुटांच्या आसपास जातो, ३० फूट घ्या. फ्रेम चारही बाजूंनी एकेक इंच आत राहते, त्यामुळे कडेनं दिसत नाही.

झडपा आणि फळ्या चादरीवर पालथ्या मांडा, फटींत ३ मिमीच्या प्लायच्या चिपा घाला आणि फ्रेम वर ठेवा. स्क्रू मागूनच मारायचे: ८ नंबरचे, ४५ मिमीचे, स्टेनलेस स्टीलचे. २५ मिमी पट्टीतून जाऊन ते झडपेत २० मिमी शिरतात, पुढे टोक निघत नाही. फळ्या एक इंचाच्याच असल्यानं त्यांना ४० मिमीचे पुरेत. आधी ३ मिमीचं भोक पाडा. जुनं सागवान कठीण असतं, स्क्रूचं डोकं भोकाशिवाय तुटू शकतं. झडपेला स्क्रू फक्त उभ्या-आडव्या पट्ट्यांत, पॅनलमध्ये कधीच नाही. नव्या फळ्यांना रुंदीच्या मधोमध एकाच ओळीत मारा, म्हणजे त्या दोन्हीकडे मोकळ्या फुगतील.

कड्या परत लावायच्या तर गादीपासून २० इंचांच्या वर. खाली लावल्या तर टेकताना पाठीत टोचतात.

पॉलिशआधी ८०, १२०, १८० या क्रमानं घासा, पण कडांची गोलाई आणि करवतीच्या जुन्या खुणा राखा. कच्चं अळशीचं तेल आपल्याकडच्या दमट हवेत वाळायला दिवसच्या दिवस घेतं आणि त्यावर बुरशी धरते. मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन पातळ हात उत्तम. खोबरेल तेलाचे डाग त्यावरून पुसले जातात, मेणावरून जात नाहीत. सागवानाचं स्वतःचं तेल पीयूला धरू देत नाही, म्हणून आधी थिनरच्या फडक्यानं पुसून तासाभरात पहिला हात द्यावा.

भिंतीवर

सगळं मिळून वजन साधारण ३० किलो होतं. १८ मिमी प्लायची ४ इंच रुंद, ५६ इंच लांब पट्टी लांबीत ४५ अंशांवर तिरकी कापून दोन करा. एक फ्रेमच्या वरच्या आडव्या पट्टीला, टोकदार कड खाली आणि भिंतीकडे. दुसरी भिंतीला, टोकदार कड वर आणि खोलीकडे. पहिली दुसरीत अडकते. खाली १८ मिमीचीच एक आधारपट्टी लावा, म्हणजे मागे हवा खेळेल. पश्चिमेच्या ओल धरणाऱ्या भिंतीला हे अंतर फार गरजेचं.

भिंतीच्या पट्टीला पाच स्क्रू, साडेबारा इंचांवर एकेक. काँक्रीटच्या भिंतीत ८ मिमीचं भोक आणि ५० मिमीची गट्टी. सिपोरेक्समध्ये, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत, नेहमीची गट्टी फिरते, तिथे ८० ते १०० मिमीची लांब नायलॉन गट्टी लागते. जुन्या चाळीत चुन्याचा गिलावा जाड असतो. गट्टी त्यापलीकडे विटेत पोचली पाहिजे, नाहीतर गिलाव्यासकट बाहेर येते. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू नका, वायर तिथूनच जाते.

भाड्याच्या घरात भोकं चालत नसतील तर ३ × २ इंचाचे दोन पाय फ्रेमला जोडून जमिनीपर्यंत आणा, स्कर्टिंगपाशी खाच द्या आणि ८ मिमीच्या बोल्टनं बॉक्सच्या स्थिर भागाला कसा. हायड्रॉलिक पलंग असेल तर बोल्ट उचलल्या जाणाऱ्या फळीला लागता कामा नये. ती फळी पूर्ण उघडून बघा: गादी उशाकडे घसरते, त्यासाठी मध्ये दोन इंच मोकळे ठेवावे लागतात.